सुलाबाईंना ऐकू येऊ लागलं

१

कुकर मांडणीवर उपडा घातलेला होता, तरी उत्तरानं गॅसच्या बटणाला हात लावून पाहिलं. बटण बंद होतं. शिट्टी व्हायच्या आधी आत कोंडलेली वाफ सूं करते, तसला आवाज मात्र चालूच होता. तिनं फ्रिजचा प्लग काढला. अंगणात जाऊन बोअरची मोटर बघितली, विजेच्या मीटरला कान लावला. शेवटी आरशासमोर दाढी करत असलेल्या नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली.

"अहो, हा कशाचा आवाज यायलाय?"

अवधूतनं ब्रश तसाच धरून ऐकलं. "कशाचा? मला तर काहीच येईना."

तेव्हा तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर, शेजारची भांडी, सगळं दबलं, आणि ती सूं उलट वाढली, डावीकडं जास्त. आवाज घरात नव्हता. तिच्या डोक्यात होता.

गणपतीत तिला ताप येऊन गेला होता. ताप गेला आणि जाताना हे मागे ठेवून गेला.

उत्तरा गंगाखेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. ध्वनीचं प्रकरण तिला तोंडपाठ होतं, कानाची आकृती ती पुस्तक न बघता फळ्यावर काढायची. म्हणून आधी ती घाबरली नाही. परभणीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानात दिवा धरून बघितलं, बंद खोलीत बसवून चाचणी घेतली. म्हणाले, "कान उत्तम आहेत. याला टिनिटस म्हणतात. गोळीनं जात नाही. सवय करून घ्यायची."

सवय कसली होते? वर्गात पोरं शंका विचारायची आणि ती फक्त त्यांचे ओठ बघत राहायची. झोप तुटली, जेवण तुटलं. माणसाला शांतता लागते, पाण्यासारखी लागते, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. दिवाळीच्या आधी परभणीहून येताना रेल्वे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुलावर आली तेव्हा खाली बघता बघता तिच्या मनात आलं, पाण्याखाली तरी हा बंद होत असेल. विचार इतका सहज आला की तिची तिलाच भीती वाटली. घरी पोचल्यावर तिनं अवधूतला सगळं सांगितलं. तो तहसीलमध्ये कारकून होता, शांत स्वभावाचा. बराच वेळ तिचा हात धरून बसला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्यानं चार ठिकाणी विचारलं आणि शिवकन्या मॅडमचा नंबर आणला.

२

शिवकन्या मॅडम श्रवणतज्ज्ञ होत्या. वयानं उत्तराच्या जुन्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. परभणीत वसमत रोडला त्यांची वरच्या मजल्यावर खोली होती. जाड पडदे, खाली सतरंजी, आणि कोपऱ्यात संथ फिरणारा पंखा.

"तुम्ही विज्ञानाच्या आहात, म्हणून सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "तापात कानातल्या काही पेशी दमल्या. मेंदूला तिकडून यायचा तो निरोप येईना. मग तो स्वतःच आवाज वाढवून वाट बघत बसतो. तुम्हाला ऐकू येतं ते त्याचं वाट बघणं आहे. बाहेर काही नाही."

उत्तराला ते पटलं. पहिल्यांदाच कुणी तिला समजेल असं बोलत होतं.

"हा आवाज तुम्हाला छळत नाही. त्याची धास्ती छळते. म्हणून आपण धास्तीवर काम करायचं. घरात अगदी सामसूम ठेवायची नाही. पंखा लावा, रेडिओ हळू लावून ठेवा. आवाज बुडवायचा नाही, त्याला सोबत द्यायची. धडधड वाढली की श्वास मोठा घ्यायचा, हळू सोडायचा, आणि मनात म्हणायचं, आवाज आहे, धोका नाही."

"एवढंच?"

"एक अजून आहे. तेच जड जातं." मॅडम जरा पुढे सरकल्या. "त्याच्याकडे अर्थ मागायचा नाही. कशासारखा आहे, आज कमी की जास्त, कुठून येतो, हे तपासायचं नाही. दारात बसलेल्या कुत्र्याकडं तुम्ही दर वेळी वळून बघितलंत तर ते उठेल का?"

उत्तरा हसली. किती दिवसांनी हसली, तिला आठवेना.

घरात रेडिओ सकाळपासून बारीक चालू राहू लागला. अवधूत स्वतः सेल बदलायचा. पंधरवड्यात उत्तराला सलग झोप लागली. आवाज होताच, पण तो आता छातीवर बसत नव्हता, शेजारी बसत होता.

३

घरात तिसरं माणूस म्हणजे अवधूतची आई, सुलाबाई. उत्तरा त्यांना आत्याबाई म्हणायची. सासरे गेल्यावर त्या राणीसावरगावहून इकडे राहायला आल्या, आणि आल्या तेव्हाच पुरत्या बहिऱ्या होत्या. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते नुसतं किंचाळायचं. डबीत पडून होतं. कुणी तोंडासमोर येऊन हातवारे केले की त्यांना थोडंफार कळे. एरवी त्या बाजेवर बसून असायच्या, समोरच्या माणसांकडे काचेआडून बघावं तसं बघत.

मार्गशीर्षात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायचं काम उत्तराकडे होतं. थेंब घातले की थोडा वेळ डोळे गच्च मिटून पडायचं.

एका दुपारी थेंब घालून ती त्यांच्या तोंडावर वाकून गालावरचं पाणी पुसत होती. सुलाबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "कोन वाजवायलंय गं हे?"

उत्तराचा हात थांबला.

"बारीक हाय. कुकर लावलास काय?"

उत्तरा ताठ झाली. म्हातारीची मान थोडी उशीवरून उचलली गेली. "गेलं," त्या म्हणाल्या. उत्तरा परत वाकली. "आलं."

भीतीच्याही आधी तिच्यातली शिक्षिका जागी झाली. प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? तिनं चपला काढल्या आणि पावलाचा आवाज न करता बाजेच्या पायथ्याला गेली. तिथून उजवीकडे. भिंतीपाशी. बहिरं माणूस, डोळे मिटलेले. वाऱ्यानं कळावं म्हटलं तर पंखा डोक्यावर होता. आणि तरी सुलाबाईंचं तोंड तिच्या मागे मागे वळत होतं, सूर्यफुलासारखं. ती उंबऱ्याबाहेर गेली तेव्हा म्हातारीनं मान खाली टेकवली.

"लई वर्सांनी कायतरी ऐकू आलं," त्या पुटपुटल्या, आणि मिटल्या पापणीतून थेंबाचं होतं की दुसरं कशाचं, पाणी आलं.

४

अवधूतनं तिच्या डाव्या कानाला आपला कान लावला. श्वास रोखून ऐकलं. "तुझं रक्त धडधडायलंय, बस्स. दुसरं काही नाही." मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं. पंखा तेवढा आला.

शिवकन्या मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. स्टेथोस्कोप कानामागे, मानेवर, कपाळावर लावून तपासलं. "क्वचित कुणाचा आवाज बाहेरच्याला ऐकू येतो, शिरेत दोष असला तर. तुमच्यात तसं नाही. आणि हे बघा, ज्यांचं ऐकणं जातं त्यांना बऱ्याचदा स्वतःचाच आवाज येतो. सासूबाईंना त्यांचा येत असेल."

"मग माझ्यामागं मान का फिरते?"

मॅडमनी स्टेथोस्कोप खाली ठेवला. "उत्तराताई, तुम्ही परत तपासायला लागलात," त्या मायेनं म्हणाल्या.

खरं होतं ते. पण एक गोष्ट मॅडमना सांगता येण्यासारखी नव्हती. आपल्याला जे होतं ते कुणालाच ऐकू येत नाही, हे या दुखण्यातलं सगळ्यात वाईट. नवऱ्याचा विश्वास होता, मॅडमचा होता, पण विश्वास वेगळा आणि ऐकणं वेगळं. आता घरात एक माणूस असं होतं की तिनं काही न सांगता त्याला कळत होतं. कॉलेजातून आली की ती सुलाबाईंच्या बाजेवर बसे. म्हातारी तिच्या खांद्यावर डोकं ठेवी, कानाला कान लावून. दोघी तशाच बसून राहत. म्हातारीच्या चेहऱ्यावर रंग आला. जेवण वाढलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूनं तिच्या पाठीवरून हात फिरवलेला तिला याच हिवाळ्यात आठवतो.

म्हणून सुलाबाई मान डोलवू लागल्या, ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

गाणं ऐकताना डोलतात तसं नव्हतं ते. समोरचा काही सांगतोय आणि आपण 'बरं, बरं' म्हणतोय, तसं होतं. मध्येच थांबून, मध्येच 'न्हाई' म्हणून.

उत्तरानं त्यांच्यासमोर येऊन हातानं विचारलं, काय?

"काय न्हाई. बोलायलाय." सुलाबाई सहज म्हणाल्या. "आधी नुसतं शीळ घालायचा. आता समजायलंय मला."

उत्तरानं परत हात हलवला. काय बोलतो?

"आपलं साधंच. घरात किती मानसं हायत म्हून इचारायलाय." म्हातारीनं पदर सावरला. "सांगितलं, तिघं."

५

एकसुरी शिट्टीत शब्द मावत नाहीत. शब्दाला चढउतार लागतो, वेगवेगळे सूर लागतात. हे उत्तरानं स्वतःला बजावलं, बाथरूममध्ये नळ मोठा सोडून, भिंतीला टेकून. म्हातारीच्या मेंदूला वर्षानुवर्षं काही मिळालं नाही. मिळालेल्या एका सुरावर तो शब्द रचतोय, अंधारात दोरीचा साप करावा तसा. सगळं बरोबर होतं. फक्त त्यातून एक गोष्ट सुटत नव्हती. दोरी उत्तराच्या डोक्यात होती आणि साप सुलाबाईंना दिसत होता.

तिनं बाजेवर बसणं सोडलं. मॅडमनी सांगितलेलं अक्षर अन् अक्षर पाळू लागली. रेडिओ, पंखा, श्वास. आवाज आहे, धोका नाही. थेंब घालायचं काम अवधूतला दिलं. आणि उपायाला गुण यायला लागला. सूं विरळ होऊ लागली. कधी कधी एखादी अख्खी तासिका जायची आणि तिच्या ध्यानात यायचं की आपण ऐकलंच नाही.

सुलाबाई मात्र वाळत चालल्या. त्या घरभर तिच्या मागे फिरत. ती पोळ्या लाटत असली की मागे येऊन उभ्या राहत, मान वाकडी करून, तिच्या कानाशी. एकदा त्यांनी तिचा दंड धरला. हाडकुळा हात, पण पकड घट्ट होती.

"पोरी, त्याला घालवायलीस तू."

उत्तरानं मान हलवली.

"मला दुसरं काय ऐकू येतंय? नातवंडं न्हाईत, भजन न्हाई, लेकाचं बोलनं न्हाई. सगळी तोंडं हलत्यात नुसती. एक ह्योच बोलतो." त्यांचा आवाज खाली आला. "आन तो म्हनायलाय, हिच्यात आता मला दाटी व्हायलीय. दुसरीकडं बसतो."

उत्तरानं त्यांना जवळ घेतलं. दुसरं काय करणार? पण आपला कान दुसऱ्या बाजूला वळवून घेतला.

६

माघात बारावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी चालली होती. उत्तरानं नादकाटा रबरावर आपटला आणि मुलांना दाखवायला कानाजवळ धरला. स्वच्छ, गोल आवाज. तो बारीक होत गेला, होत गेला, आणि संपला.

त्याच्या खाली काहीच नव्हतं.

ती काटा धरून तशीच उभी राहिली. बाकावरची खडखड, बाहेर कुणी झाडून काढत होतं त्या खराट्याचा आवाज, एकेका मुलाचा श्वास. आणि या सगळ्यांच्या मध्ये, मागे, खाली, शांतता. तिनं कानात बोट घालून बघितलं. शांतता. मुलं बघत असतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं मॅडमना फोन केला, अवधूतला केला आणि उरलेल्या तासिकांची रजा टाकून घरी निघाली.

दार लोटलेलं होतं. रेडिओ बंद. पंखा बंद. सकाळी ती दोन्ही चालू ठेवून गेली होती. बाजेवर सुलाबाई नव्हत्या.

स्वयंपाकघराच्या मागे एक लहान कोठीची खोली होती. ज्वारीची पत्र्याची कोठी, जुने डबे, अंथरुणं. तिचं दार अर्धं उघडं होतं. उत्तरा स्वयंपाकघरात पोचली आणि तिला तो ऐकू आला.

सूं.

आधी वाटलं, परत आला. मग तिनं मान डावीकडे वळवली, आणि आवाज उजव्या कानात गेला. उजवीकडे वळवली, डाव्या कानात आला. डोक्यातला आवाज डोक्याबरोबर फिरतो. हा फिरत नव्हता. हा एका जागी होता, दाराच्या पलीकडे.

तिनं दार ढकललं नाही. फटीतून बघितलं. झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता. सुलाबाई जमिनीवर पाठमोऱ्या बसल्या होत्या, घडी घातलेल्या वाकळीच्या एका टोकावर. दुसरं टोक रिकामं होतं. रिकामं, पण दबलेलं. मांडी घालून बसावं एवढी जागा खाली गेलेली, कडेला वळ्या पडलेल्या.

"आली बग ती," सुलाबाई हळूच म्हणाल्या. उत्तराला नव्हे.

उत्तरा बघत होती तोवर ती दबलेली जागा सावकाश वर आली. वळ्या उलगडल्या. आणि आवाज थांबला.

नंतर तिनं ती वाकळ स्वतः तपासली. जुन्या लुगड्यांची, धोतरांची, घट्ट टाके घालून शिवलेली. तिच्यात कापूस नव्हता. उत्तरा तिच्यावर बसली, उठली, परत बसली. दबलेलं तसंच सपाट राहत होतं. फुगून वर येण्यासारखं त्या वाकळीत काही नव्हतंच.

७

"अभिनंदन," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मनापासून केलंत. झोप?"

"येते."

"धास्ती?"

उत्तरानं तोंड उघडलं. मॅडमचा चेहरा खरोखर आनंदलेला होता. या खोलीत आता जे सांगायचं त्याला मनाच्या डॉक्टरांकडं जायची चिठ्ठी मिळाली असती, आणि ती चिठ्ठी चुकीची होती असं उत्तरालाही छातीठोक म्हणता आलं नसतं. "नाही," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं कोठीच्या खोलीला कुलूप लावलं. सुलाबाई कुलपासमोर बसल्या, फळीवर तळवा ठेवून. पाणी घेईनात, अन्नाकडं बघेनात. संध्याकाळी अवधूत आला, आईला तसं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तरावर चिडला.

"कुलूप काढ. कशाला छळायलीस?"

"अहो, त्या खोलीत काहीतरी आहे."

"काय आहे?"

तिनं कुलपाकडं बोट केलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात पुलावरची गोष्ट सांगितली तेव्हाची काळजी होती. हिचं परत सुरू झालं, अशी.

"म्हातारं माणूस आहे, बसू दे तिला कुठं बसायचं तिथं. मी बसत जाईन तिच्याजवळ."

"तुम्ही नका बसू," उत्तरा म्हणाली. "बाकी काही करा. तिथं नका बसू."

पण आई जेवेना म्हटल्यावर कुठला मुलगा ऐकेल? त्यानं कुलूप काढलं. कामावरून आला की ताट घेऊन आत जायचा. एकेक घास भरवायचा. आधी लवकर बाहेर यायचा, मग उशिरा येऊ लागला. उत्तरा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. म्हातारीचं पुटपुटणं यायचं. दुसरं काही नाही. तिचे कान आता लख्ख होते, मुंगी चालली तर ऐकू यावी असे, आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

फाल्गुनात, रविवारी, भर दुपारी अवधूत आतून बाहेर आला. त्यानं रेडिओ बंद केला. पंखा बंद केला. मग उत्तराकडे वळून म्हणाला, "आई गेली."

आत सुलाबाई कोठीला टेकून बसल्या होत्या. चेहरा निवांत, मान किंचित एका बाजूला, कुणाचं बोलणं संपायची वाट बघावी तशी. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. राणीसावरगावची माणसं आली, दिवस झाले, भांडी-कपडे वाटून दिले. वाकळ उत्तरानं स्वतःच्या हातानं गंगेवर नेऊन सोडली.

घरी परतली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सांगण्याआधी त्यानं रेडिओ का बंद केला?

८

अवधूत रडला नाही. कामावर जाई, येई, जेवी. पंखा लावला की उठून बंद करी. चैत्राचं ऊन, पत्र्याचं न्हाणीघर तापलेलं, अंगातून घाम निथळायलेला, तरी बंद.

"काय ऐकू यायलंय तुम्हाला?"

"काही नाही."

"मला सांगा. माझ्याइतकं कोण समजून घेईल?"

"काही नाही म्हणलं ना." पण हे म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मागे बघत होता, मध्ये बोलल्याबद्दल कुणाची माफी मागावी तसा.

तिनं ऐकायचा प्रयत्न केला. ज्या आवाजाला घालवायला तिनं जीव काढला होता, त्याची आता ती वाट बघू लागली. अवधूत कामावर गेल्यावर कोठीच्या खोलीत जाऊन बसे. दार लावून, श्वास धरून. ये, ती मनात म्हणे. माझ्यात ये, त्याला सोड. बाहेर पारवे घुमायचे. शेजारणीचा मिक्सर लागायचा, बंद पडायचा. ती शांतता, जिच्यासाठी ती रडली होती, आता घरभर मिळत होती, आणि तिच्यात बसवत नव्हतं.

शेवटी तिनं त्याला मॅडमकडे नेलं. तो बिनतक्रार आला.

चाचणी उत्तम निघाली. मॅडमनी त्याला समोर बसवलं. "आवाज येतो?"

"येतो," अवधूत म्हणाला. उत्तराला इतके दिवस जे सांगितलं नाही ते त्यानं सहज सांगून टाकलं.

"कसा?"

"चांगला आहे."

"झोप मोडते? चिडचिड? कामात अडथळा?"

"नाही मॅडम. त्याचा त्रास असा काहीच नाही. उलट बरं वाटतं."

मॅडमनी उत्तराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "त्रास नसेल तर उपचार कशाचा करू?" त्या म्हणाल्या. "आम्ही आवाज काढत नाही, ताई. आम्ही त्रास काढतो. इतरांना जे महिनोन्‌महिने जमत नाही ते यांना आपोआप जमलंय. आई गेल्याचं दुःख मात्र बोलून दाखवत नाहीत, तेवढं बघा."

उत्तराला हसू आलं की रडू, तिचं तिला कळलं नाही. जिन्यात तिनं कठडा धरला तेव्हा अवधूत खालच्या पायरीवर उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. फोन त्याच्या खिशात होता.

९

परतीच्या पॅसेंजरला लग्नसराईची गर्दी होती. कसंबसं तिघांचं एक बाक मिळालं. अवधूत खिडकीशी बसला. उत्तरा त्याला लागून बसायला गेली तर तो म्हणाला, "इकडं नको, कडेला बस." ती कडेला बसली. मधली जागा तशीच राहिली.

डबा भरत गेला. एक बाई बोचकं घेऊन समोर आली. "दादा, सरकता का जरा?"

"बसलेलं हाय," अवधूत म्हणाला.

बाईनं मधल्या जागेकडे बघितलं. उभे असलेले दोघंतिघं हसले, कुणीतरी काही बोललं. उत्तरा उठली. "तुम्ही बसा माझ्या जागेवर."

बाई टेकली. सवयीनं आत सरकायला गेली आणि मध्येच थांबली. तिनं पदर गोळा केला, बोचकं मांडीवर घेतलं आणि बाकाच्या अगदी काठावर अंग चोरून बसली, गर्दीत परक्या पुरुषाशेजारी बसतात तशी. का ते तिचं तिलाही कळलं नसावं. पोखर्णी स्टेशन येईतो ती दोनदा मधल्या रिकाम्या जागेकडे बघून दुसरीकडे बघायला लागली.

"ताई, तुमी बसा," शेवटी ती म्हणाली. "मी उभी राहते, मला काय." आणि उत्तराचं उत्तर यायच्या आत गर्दीत पुढे गेली.

आता दोन जागा रिकाम्या होत्या. माणसं दांडीला लोंबकळत होती, खाली पायाशी बसत होती. त्या बाकाकडे कुणी येईना.

अवधूतनं वर बघितलं. किती दिवसांनी त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं असेल. नजर तीच होती, हात धरून बसला होता तेव्हाची.

"उभी का?" तो म्हणाला. "ये. त्यानं जागा दिलीय." आणि मधल्या फळीवर हात थोपटला.

तिनं खिडकीबाहेर बघितलं. कापलेल्या उसाचे फड, धुरळा, कुठं एखादं बाभळीचं झाड. गंगाखेडला उतरून ती कुठं जाणार होती? त्या तीन खोल्यांत, दुसरीकडे कान लावून बसलेल्या या माणसाच्या समोर, वर्षानुवर्षं. सुलाबाईंना सगळी तोंडं नुसती हलताना दिसायची. तिला त्यांचं ते बघणं आता कळलं.

उत्तरा अवधूतच्या शेजारी, मधल्या जागेवर बसली.

फळी गरम होती. बाई उठून गेली तिची ऊब असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण बाई काठावर बसली होती.